एफझेड-एस की एफझेड-एक्स: कोल्हापुरात रोज चालवायला कोणती घ्यावी?

दोन्ही गाड्यांचं इंजिन एकच आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण शोरूममधून घरी आलेल्या माणसाच्या डोक्यात निम्मा गोंधळ याचाच असतो. यामाहाच्या एफझेड-एस आणि एफझेड-एक्समध्ये तेच १४९ सीसीचं, हवेवर थंड होणारं, सिंगल सिलिंडर इंजिन आहे. ताकद १२.४ पीएस (पीएस म्हणजे अश्वशक्तीचंच एक माप), तीही दोन्हींत ७,२५० आरपीएमला. टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, १३.३ न्यूटन मीटर, ५,५०० आरपीएमला. गिअर पाच. दोन चाकांतलं अंतर १,३३० मिलिमीटर आणि ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाखालची मोकळी उंची, १६५ मिलिमीटर, दोन्हींत सारखंच. पुढं-मागं डिस्क ब्रेक आणि एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी सोय) फक्त पुढच्या चाकाला, हेही सारखंच.

म्हणून "एक्स जास्त पळते का?" असं कुणी विचारलं की मी सरळ नाही म्हणतो. मायलेजचंही तेच. शहरात आणि हायवेवर मिळून लिटरला पंचेचाळीसच्या आसपास धरा, दोन्हींचं गणित तिथंच येतं. तुमचा हात कसा आहे यानं जो फरक पडेल, तो या दोन गाड्यांमधल्या फरकापेक्षा मोठा असेल.

आमच्या घरात दोन्ही आहेत. एस माझी, एक्स धाकट्या भावाची. किल्ल्या एकाच खुंटीला असतात, त्यामुळं सकाळी जी पुढं उभी असेल ती काढायची, अशी सवय झाली आहे. मला वाटतं, या दोन गाड्यांतली निवड कशी करायची हे मला त्यामुळंच नीट कळलं. डोळ्यांनी निवडायला गेलं तर माणूस अडकतो, कारण एक दिसायला आजची आहे आणि दुसरी जुन्या वळणाची, आणि दोन्ही चांगल्या दिसतात. निवड बसून करायची असते. तुम्ही बसून, आणि तुमच्या मागं जे माणूस रोज बसणार आहे त्याला बसवून.

बसायचं कसं आणि कुणी

कागदावर एसच्या सीटची उंची ७९० मिलिमीटर आणि एक्सची ८१०. वीस मिलिमीटर म्हणजे जेमतेम एक बोट. वाचताना यात काहीच वाटत नाही. महाद्वार रोडवर सणाच्या तोंडावर गाडी घातली की मात्र कळतं. तिथं गाडी चालवायची नसतेच, पायानं ढकलत न्यायची असते. पाच पावलं पुढं, थांबा, पुन्हा चार पावलं. माझी उंची साडेपाच फूट आहे. एसवर दोन्ही तळवे पूर्ण टेकतात. एक्सवर टाचा किंचित वर राहतात, आणि उतार असेल तर एकाच पायावर भार घ्यावा लागतो. त्यात एक्स तीन-चार किलोनं जड आहे. एस १३५ किलोची, एक्स १३९ ची. चालताना हे वजन जाणवत नाही, गाडी उभी असताना आणि मागं घेताना जाणवतं.

माझी बायको मोटारसायकल शिकली ती एसवर. तिची उंची माझ्यापेक्षा कमी आहे. एक्स ती चालवू शकते, पण गर्दीत न्यायला तयार नसते, आणि तिचं बरोबर आहे. घरात दोघंजण गाडी चालवणार असतील आणि त्यातलं एक बुटकं असेल, तर हा मुद्दा बाकी सगळ्या मुद्द्यांच्या आधी घ्या.

आता हँडलकडं बघू. एक्सचं हँडल उंच आहे आणि चालवणाऱ्याच्या जवळ येतं. पाठ सरळ राहते, कोपर सैल राहतात, खांदे उघडे राहतात. एसवर तुम्ही किंचित पुढं झुकता. फार नाही, स्पोर्ट बाइकसारखं तर अजिबात नाही, पण मनगटावर थोडा भार येतो. गोकुळ शिरगावला किंवा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत रोज जाणाऱ्याला हा फरक संध्याकाळी समजतो. आठ तास मशीनवर उभं राहून माणूस बाहेर पडतो, तेव्हा पाठ सरळ ठेवणारी गाडी बरी वाटते. माझ्या भावाची कमर अधूनमधून धरते. एक्स घेण्यामागं त्याचं हे एक मोठं कारण होतं आणि त्यात तो चुकला नाही.

सरळ बसण्याला एक किंमत आहे. कावळा नाक्यावरून बाहेर पडून पुणे-बंगळूर हायवेला लागलात आणि गाडी ऐंशीवर नेलीत, की एक्सवर वारा थेट छातीवर येतो. एसवर अंग थोडं खाली जातं आणि टाकीच्या दोन्ही बाजूंचे रुंद भाग निदान गुडघ्यांना आडोसा देतात. कराडपर्यंत फरक वाटत नाही. पुण्यापर्यंत जाणाऱ्याला वाटतो. मान आणि खांदे एक्सवर आधी थकतात.

मागच्या माणसाचं काय? इथं माझ्या मते एक्स सरळ पुढं आहे. एसची सीट मागं चढत जाते आणि शेपटीकडं अरुंद होते. दोन्हीकडं पाय टाकून बसणाऱ्या तरुण माणसाला ती चालते. आमची आई आडवी बसते. एसवर ब्रेक मारला की ती माझ्या पाठीवर सरकते, मग एक हात माझ्या खांद्यावर आणि दुसरा पदरावर. एक्सची सीट लांब आणि जवळजवळ सपाट आहे, त्यामुळं तिला बूड टेकायला जागा मिळते. रविवारी जोतिबाला जायचं ठरलं की ती विचारते, "धाकट्याची गाडी हाय न्हवं?" वाडी रत्नागिरीचा चढ, शेवटची वळणं आणि रविवारची गर्दी, यात मागचं माणूस निवांत असलं की पुढचाही निवांत चालवतो. साडीगार्ड दोन्हींना असतो, पण पायाची फळी नीट बसवलेली आहे का ते डिलिव्हरी घेतानाच बघा. आडवं बसणाऱ्याचे दोन्ही पाय त्या एका फळीवर राहतात.

एक्सच्या सीटवर आडव्या शिवणीच्या पट्ट्या आहेत, जुन्या गाड्यांना असायच्या तशा. दिसायला फार देखण्या. पण प्रत्येक दोन पट्ट्यांमध्ये एक खाच आहे आणि पावसाळ्यात प्रत्येक खाचेत पाणी थांबतं. हातानं सीट पुसली आणि बसलो, असं केलं तर पँट ओली होते. फडकं दाबून प्रत्येक खाचेतून ओढावं लागतं. उन्हाळ्यात तिथंच धूळ बसते. हा दोष म्हणण्याइतका मोठा नाही. फक्त सीटखाली एक फडकं ठेवा.

टाकी: दहा आणि तेरा

एसची टाकी तेरा लिटरची, एक्सची दहाची. जुन्या वळणाची, आटोपशीर टाकी दिसायला हवी म्हणून तीन लिटर गेले. या दोन गाड्यांतला मला सगळ्यात जास्त खटकणारा फरक हाच आहे, आणि शोरूममध्ये याच्यावर कुणी एक मिनिट बोलत नाही.

हिशेब साधा आहे. लिटरला पंचेचाळीस धरले तर एस एका टाकीत पावणेसहाशे किलोमीटरच्या आसपास जाते आणि एक्स साडेचारशे. शहरातून कागलला रोज ये-जा चाळीस किलोमीटर धरली, तर आठवड्याची सहा दिवसांची धाव दोनशे चाळीस. त्यात घरची कामं, भाजी, मुलांची शाळा. एसवाला दोन आठवड्यांनी पंपावर जातो, एक्सवाला दहा-अकरा दिवसांनी. इतकाच फरक असेल तर सोडून द्यायला हरकत नाही. पंप काय, जागोजागी आहेत.

पण कोल्हापूरचा माणूस कोकणात जातो. कुणाचं सासर देवगडला, कुणाचं देवाचं काम कुणकेश्वराला, कुणाची नुसतीच हौस. गगनबावड्यावरून करूळ घाट उतरून वैभववाडी, किंवा राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाट, किंवा आजऱ्यावरून आंबोली. या रस्त्यांवर गावं आहेत, पंपही आहेत, पण तुम्हाला हवे तेव्हा आणि हवे तिथं नाहीत. मुसळधार पावसात, अंधार पडल्यावर, काटा शेवटच्या कांडीवर लुकलुकत असताना पुढचा पंप उघडा असेल की नाही, हा विचार डोक्यात घेऊन घाट चढायला मजा येत नाही. तेरा लिटर भरून निघालेला माणूस हा विचार करत नाही. आमच्या घरात महिन्यातून एकदा तरी रात्री आवाज येतो, "दादा, उद्या तुझी नेऊ का? माझ्यात पेट्रोल कमी आहे." माझ्यावर तशी वेळ क्वचित येते.

ज्याचं महिन्यातून एकदा तरी घाटाखाली जाणं आहे, त्यानं एस घ्यावी. बाकी मुद्दे सारखे असतील तर मी या एका मुद्द्यावर निर्णय देईन.

उसाच्या दिवसांतले रस्ते

दिवाळीच्या सुमारास कारखाने सुरू झाले की मार्चपर्यंत आपल्या रस्त्यांचं रूप पालटतं. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांना काळी माती असते, ती डांबरावर पसरते. सकाळी दव पडलं की तिचा साबण होतो. त्यावर उसाची कांडकी पडलेली असतात, ट्रॉल्यांमागून चालताना ती चाकाखाली येतात. करवीर, कागल, शिरोळ, हातकणंगले, कुठल्याही तालुक्यात रात्री परतणाऱ्याला हे माहीत आहे.

इथं दोन गाड्यांत खरा फरक टायरचा आहे. माप एकच: पुढं १००/८०-१७, मागं १४०/६०-१७. पण एक्सच्या टायरला मोठ्या चौकोनी ठोकळ्यांची नक्षी आहे, एसच्या टायरला साधी रस्त्याची. ठोकळ्यांच्या मधून माती बाहेर फेकली जाते, त्यामुळं शेताच्या वाटेवर, मुरमावर, खडी टाकून सोडून दिलेल्या रस्त्यावर एक्सचं पुढचं चाक जास्त विश्वासानं धरतं. कोरड्या, चांगल्या डांबरावर मात्र एस वळणात अधिक गुळगुळीत झुकते, एक्स थोडी घुमते आणि टायरचा बारीक गूंऽऽ आवाज येतो. पन्हाळ्याला जाऊन येणाऱ्यांना हा आवाज वाघबिळाच्या वळणांवर ऐकू येईल.

एक गोष्ट इथं ठामपणे सांगायला हवी. एक्सचा चेहरा बघून, इंजिनाखालचं संरक्षक कवच बघून आणि टायर बघून ती कच्च्या रस्त्याची गाडी आहे असं अनेकांना वाटतं. तसं नाही. ग्राउंड क्लिअरन्स एसइतकाच आहे आणि सस्पेन्शनची चालही मोठी नाही. खड्ड्यात जोरात घातली तर तीही तितकीच आपटते. कवचामुळं उडणाऱ्या खडीपासून इंजिनाचं रक्षण होतं, त्यापुढं काही नाही.

मागच्या चाकाला एबीएस नाही हे दोन्हींच्या बाबतीत लक्षात ठेवा. ओल्या मातीवर मागचा ब्रेक दाबून धरला की चाक लॉक होऊन गाडीची शेपटी फिरते, एस असो की एक्स. २०२३ पासूनच्या एक्सला आणि एसच्या वरच्या मॉडेलला ट्रॅक्शन कंट्रोल आलं, म्हणजे ॲक्सिलरेटर जास्त पिळला तर मागचं चाक जागेवर फिरणं रोखलं जातं. पण ते चालण्यासाठी आहे, थांबण्यासाठी नाही. थांबायचं काम तुमच्या पायाच्या अंदाजावर आहे.

आता पुढच्या फोर्ककडं, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांकडं या, कारण एक्सची एक गोष्ट मला मनापासून आवडते. तिच्या फोर्कवर काळ्या रबराचे घड्याघड्यांचे मोजे आहेत. जुन्या गाड्यांना असायचे, म्हणून रूपासाठी दिलेले आहेत असं वाटतं, पण उसाच्या दिवसांत ते काम करतात. माझ्या एसचा फोर्क उघडा आहे. संध्याकाळी घरी आल्यावर वाकून बघितलं की चकचकीत नळीवर चिखलाचे ठिपके वाळून टणक झालेले असतात. तसेच राहू दिले तर दुसऱ्या दिवशी पहिल्याच स्पीडब्रेकरला नळी आत जाते आणि तो वाळलेला चिखल ऑइल सीलच्या, म्हणजे आतलं तेल अडवणाऱ्या रबराच्या, कडेवर घासला जातो. असं रोज झालं की सील कापतं, नळीवर तेलाची कडी उमटते, आणि मग तेल हळूहळू खाली ब्रेकच्या दिशेनं ओघळतं. म्हणून मी रोज ओल्या फडक्यानं दोन्ही नळ्या पुसतो. भावाला ते करावं लागत नाही. त्याला सर्व्हिसिंगच्या वेळी मोजे वर सरकवून आतली ओल पुसून घ्यायला सांगावं लागतं, कारण आत पाणी शिरलं तर ते लवकर वाळत नाही आणि नळीला गंज धरू शकतो. उद्यमनगरातल्या कुठल्याही जाणत्या मेकॅनिकला हे सांगावं लागत नाही, पण घाईच्या सर्व्हिसिंगमध्ये हे राहून जातं.

घाट आणि हायवे

हा भाग थोडक्यात, कारण दोन्हींचं उत्तर एक आहे. इंजिनाचा स्ट्रोक ५७.९ मिलिमीटर आणि बोअर ५७.३, म्हणजे पिस्टनची धाव सिलिंडरच्या रुंदीपेक्षा जास्त. अशी इंजिनं खालच्या वेगात दमदार असतात आणि वरच्या वेगात लवकर थकतात. तिसऱ्या गिअरवर, मागं माणूस घेऊन पन्हाळा किंवा जोतिबा चढताना दोन्ही गाड्या तक्रार करत नाहीत. हायवेवर ऐंशीला निवांत असतात. नव्वदच्या पुढं नेलं की इंजिन घाईला येतं, पायात आणि हँडलवर थरथर येते. करूळ घाटात समोर ट्रक असेल आणि मागं माणूस असेल, तर ओव्हरटेक करायला मोकळा रस्ता लांबवर दिसला पाहिजे. पॉवर हवी म्हणून ही गाडी बघत असाल तर एस-एक्सच्या वादात पडूच नका.

जुन्या रूपाची ओढ

कोल्हापूरला जुन्या गाडीचं वेड आहे आणि ते मला मान्य आहे. आजही रंकाळ्यावर संध्याकाळी एखादी नीट सांभाळलेली आरएक्स १०० आली की चार पोरं तिच्याभोवती उभी राहतात. एक्स घेणारे निम्मे लोक मनात आरएक्स ठेवून येतात. यामाहाचं नाव, गोल दिवा, आटोपशीर टाकी, सपाट सीट. मन तिकडं जाणारच.

त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की एक्समध्ये आरएक्स शोधू नका. १९८५ ते १९९६ या काळात आपल्याकडं बनलेली आरएक्स १०० ही ९८ सीसीची टू-स्ट्रोक होती. ११ अश्वशक्ती आणि वजन शंभर किलोच्या आसपास. एक्सची ताकद तिच्यापेक्षा थोडीशीच जास्त आहे आणि वजन मात्र पस्तीस-चाळीस किलोनं जास्त. टू-स्ट्रोक इंजिन क्रँकच्या प्रत्येक फेरीला ताकद देतं, फोर-स्ट्रोक दर दोन फेऱ्यांना एकदा. ते उसळून पुढं जाणं, तो आवाज, तो निळसर धूर, यातलं काहीही एक्समध्ये येणार नाही आणि आणताही येणार नाही. एक्सचं घराणंही वेगळं आहे. तिचं रूप यामाहाच्या एक्सएसआर गाड्यांवरून घेतलेलं आहे, आणि त्या २०१० नंतरच्या दशकातल्या आहेत.

रूपामागं किती काम केलेलं आहे, हे कंपनी-कंपनीवर असतं. कावासाकीचं उदाहरण घ्या. तिची झेड ९०० आणि जुन्या रूपाची झेड ९०० आरएस यांचं ९४८ सीसीचं इंजिन एकच, पण आरएससाठी ते वेगळं जुळवून घेतलं. आरएस आली तेव्हा झेड ९०० ची ताकद १२५ पीएस होती, आरएसची १११. वरची धाव कमी करून खालचा आणि मधला जोर वाढवला, कारण १९७२ च्या झेड-१ ची आठवण जागवणारी गाडी माणूस वेगळ्या लयीत चालवतो. एफझेड-एक्सच्या किमतीत एवढं होत नाही, हे समजण्यासारखं आहे. इथं इंजिनाला हात लावलेला नाही. बदललं ते हँडल, सीट, टाकी, दिवा, टायर आणि पत्रा. म्हणूनच मी बसून बघायचा आग्रह धरतो. जे बदललं आहे ते सगळं बसणाऱ्याला लागणारं आहे.

एक जागा अशी आहे जिथं एक्सचं जुनेपण अर्धवट वाटतं. मीटर. गोल दिव्याच्या वर काट्याचं घड्याळ असावं अशी अपेक्षा असते, आणि तिथं संपूर्ण डिजिटल पडदा आहे, काळ्या पाटीवर पांढरे आकडे. दुपारच्या उन्हात वाचायला बरा. पण ज्याला काटा हवा होता त्याचा विरस होतो. भावाचा झाला होता. आता तो त्याबद्दल बोलत नाही.

दिवा मात्र चांगला आहे. गोल चौकटीत एलईडी प्रोजेक्टर आहे, उजेडाची वरची कड स्वच्छ तुटते, समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. एसचा दिवाही एलईडीच, उजेड पुरेसा. गगनबावड्याच्या धुक्यात दोन्हींचा पांढरा उजेड धुक्यावरच आपटून परत येतो. तिथं वेग कमी करणं हाच उपाय.

पैसे

२०२५ मध्ये दोन्हींची हायब्रिड मॉडेलं आली. एस मार्चमध्ये, १ लाख ४४ हजार ८०० रुपयांना. एक्स जुलैमध्ये, १ लाख ४९ हजार ९९० रुपयांना. दोन्ही दिल्लीच्या एक्स-शोरूम किमती. त्यानंतर २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि दोन्ही साधारण बारा-बारा हजारांनी उतरल्या. म्हणजे दोघींमधलं अंतर पाच हजारांच्या आसपासचं. तीन वर्षांच्या हप्त्यात ते महिन्याला दोनशेच्या आत बसतं. या रकमेसाठी आवडलेली गाडी सोडू नका आणि न आवडलेली घेऊ नका.

हायब्रिड म्हणजे ही गाडी बॅटरीवर चालते असा समज करून घेऊ नका. स्टार्टर आणि जनरेटर एकच असल्यामुळं गाडी आवाज न करता सुरू होते, उभ्यावरून निघताना बॅटरीकडून थोडा जोर मिळतो, आणि सिग्नलला इंजिन आपोआप बंद होऊन क्लच दाबला की पुन्हा चालू होतं. दाभोळकर कॉर्नरला रोज थांबणाऱ्याला याचा उपयोग आहे. सोबत रंगीत पडदा आणि मोबाइल जोडून वळणं दाखवणारी सोय. पीएस आणि न्यूटन मीटर तेच राहतात.

ऑनरोड किंमत विचारताना प्रत्येक ओळ वेगळी लिहून मागा: रोड टॅक्स, नोंदणी, पाच वर्षांचा सक्तीचा थर्ड पार्टी विमा, आणि त्याखाली ॲक्सेसरीज म्हणून जे काही लावलं असेल ते. इंजिन १४९ सीसीचं असल्यानं थर्ड पार्टी विमा दोन्हींना १५० सीसीपर्यंतच्या गटातलाच लागतो. म्हणून विम्याच्या त्या ओळीत दोन गाड्यांमध्ये फरक दाखवला असेल तर का ते विचारा.

सुट्या भागांचं सांगायचं तर इंजिन, क्लच, चेन, ब्रेक यांची काळजी नको. एफझेड २००८ पासून आपल्याकडं आहे, तिच्यावर हात बसलेले मेकॅनिक गल्लोगल्ली आहेत. एक्सचे स्वतःचे म्हणून जे भाग आहेत, म्हणजे दिवा, टाकी, बाजूचे पत्रे, ते शिरोळच्या किंवा गारगोटीच्या दुकानात लगेच मिळतीलच असं नाही. गाडी पडली तर हे भाग मागवून घ्यावे लागतात आणि तेवढे दिवस गाडी उभी राहते.

बजेट दीड लाखाच्या आसपास असेल आणि घरचं माणूस रोज मागं बसणार नसेल, तर आणखी एक जोडी बघून घ्या: एमटी-१५ आणि एक्सएसआर १५५. तिथंही तीच रचना आहे, एक आजच्या रूपाची, दुसरी जुन्या वळणाची. १५५ सीसीचं पाण्यावर थंड होणारं इंजिन, सहा गिअर, १८.४ पीएस. घाटात आणि हायवेवर ती वेगळ्याच दर्जाची वाटते. पण ते इंजिन वर फिरवलं तरच बोलतं, आणि टाकी तिथंही दोन्हींना दहाचीच आहे.

मग घ्यायची कोणती

ज्याच्या मागं रोज आई, बायको किंवा कुणी मोठं माणूस बसतं, ज्याची फेरी शहर आणि आसपासची गावं एवढीच आहे, आणि ज्याची कमर कुरकुरते, त्यानं एक्स घ्यावी. उंची साडेपाच फुटांच्या खाली असेल, गाडी घरात दोघांत वापरायची असेल, किंवा कोकणाची वाट नेहमीची असेल, तर एस. माझ्यापुरतं म्हणाल तर दोन्हींतली एकच ठेवायची वेळ आली तर मी एस ठेवेन, त्या तीन लिटरांसाठी. भाऊ एक्स सोडणार नाही, आणि आई त्याच्या बाजूनं आहे.

टेस्ट राइड घ्याल तेव्हा एकटे जाऊ नका. मागं बसणाऱ्या माणसाला सोबत न्या, आणि शोरूमच्या दारापुढची मोकळी फेरी मारून परत येऊ नका. शाहूपुरीतल्या गर्दीतून एकदा न्या, एखाद्या चढावर थांबवून पुन्हा उचला, आणि बंद गाडी स्वतः पायानं मागं घेऊन बघा. हे सगळं दोन्ही गाड्यांवर, एकाच दिवशी करा.

जुनी घ्यायची असेल तर एस भरपूर मिळतात, एक्स कमी, त्यामुळं एक्सवाला भाव धरून बसतो. एक्स जून २०२१ मध्ये बाजारात आली. २०२३ च्या आधीची असेल तर तिला ट्रॅक्शन कंट्रोल नसणार, हे भाव ठरवताना बोलून दाखवा. आणि पैसे देण्याआधी फोर्कचे रबरी मोजे स्वतः वर सरकवून आतल्या नळ्यांवरून बोट फिरवा. गंजाचा खरखरीतपणा लागला किंवा बोटाला तेल आलं, तर सील आणि नळ्यांचा खर्च मेकॅनिककडून विचारून घ्या आणि तेवढे पैसे किमतीतून वजा करायला लावा.